न हललेला आकडा

मुलानं टेबलावर ठेवलेली पिशवी पातळ निळ्या प्लास्टिकची होती, बेदाण्याच्या बॉक्समध्ये आतून घालतात तशी. आत दोन महिन्यांत तीन ठिकाणी जमलेले कागद होते: चुरगळलेले ईसीजी, औषधांच्या चिठ्ठ्या, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत असल्याची सही केलेला एक कागद, आणि ट्रोपोनिनचे, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणाऱ्या प्रथिनाचे, चार रिपोर्ट. त्यातले दोन त्यानं बाजूला काढून माझ्यापुढे सरकवले. एकावर ०.०४ होतं, दुसऱ्यावर ३८.

"चार तासांत हजारपट वाढलं, डॉक्टर," तो म्हणाला. रात्रभर जागून त्याचा आवाज बसला होता. शेजारी त्याची आई डोक्यावरचा पदर सारखा करत शांत बसली होती. वय सत्तावन्न. तासगाव तालुक्यातलं गाव, अर्धा एकर द्राक्षबाग, आणि हंगामात शेडवर बेदाणा निवडायचं काम. त्यांच्या परवानगीनं हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, त्यांना इथे मावशी म्हणतो.

ते दोन्ही आकडे जवळपास एकच होते. पहिल्या लॅबनं नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहिलं होतं, दुसरीनं नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. ०.०४ ला हजारानं गुणलं की ४० होतात. दोन लॅबची मशिनं वेगळी असल्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी काटेकोर ताडून बघता येत नाहीत, पण हजारपट वाढ वगैरे काही झालेलं नव्हतं. हे समजावून सांगायला मला एक मिनिट लागलं. रात्री ते कुणीच सांगितलं नव्हतं, आणि त्या एका मिनिटाअभावी हे कुटुंब पहाटे चार वाजल्यापासून आई आता जाणार असं धरून बसलं होतं.

पण मला लिहायचं आहे ते एवढ्यासाठी नाही. घोळ कळल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली, ती मला जास्त काळजीची वाटली. "म्हणजे काही नाही तर," असं म्हणून तो उठायलाच लागला होता.

दोन रात्री

पहिली रात्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली. पाहुण्यांच्या लग्नाहून आल्यावर रात्री एकच्या सुमाराला मावशींची छाती जड झाली. घरच्यांनी आधी सोडा पाजला. ढेकर आला, बरं वाटलं नाही, तेव्हा जवळच्या एका छोट्या रुग्णालयात नेलं. बीपी १९०/११० भरलं. ट्रोपोनिनची कार्ड टेस्ट झाली, गरोदरपणाच्या पट्टीसारखी: दोन रेघा उमटल्या तर पॉझिटिव्ह, एक उमटली तर निगेटिव्ह. एकच उमटली. पित्ताचं इंजेक्शन देऊन, गॅस आहे असं सांगून सकाळी घरी पाठवलं.

इथे दोन गोष्टी राहून गेल्या. कार्ड केलं तेव्हा छाती जड होऊन तास-दीड तासच झाला होता. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात यायला काही तास लागतात, म्हणून इतक्या लवकरची एकच निगेटिव्ह टेस्ट खऱ्या अटॅकमध्येही फसवते. ती पुन्हा करावी लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. अशा कार्डांवर दुसरी रेघ दिसायला बहुतेक वेळा लिटरमागे काहीशे नॅनोग्रॅम ट्रोपोनिन रक्तात असावं लागतं. मावशींच्या रक्तात त्या रात्रीही तीस-चाळीस असणार असं मला नंतरच्या आकड्यांवरून वाटतं. कार्डाला ते दिसूच शकत नव्हतं. १९०/११० हा आकडा मात्र डोळ्यांसमोर होता, आणि कागदावर त्याच्यापुढे "गोळी चालू ठेवा" एवढंच लिहिलेलं आहे.

दुसरी रात्र मार्चअखेरची, ऐन हंगामातली. दिवसभर शेडवर उभं राहून काम, संध्याकाळी जाळ्या उतरवायला मदत, रात्री झोपल्यावर धाप. उठून बसलं की बरं, आडवं झालं की पुन्हा धाप. जवळच्या दुसऱ्या एका रुग्णालयात ट्रोपोनिन ०.०४ आलं, ईसीजीत बदल दिसले, आणि "अटॅक आहे, ताबडतोब पुढे न्या" असं सांगितलं. ॲम्ब्युलन्सनं मोठ्या रुग्णालयात. तिथे ३८. तीन तासांनी पुन्हा तेच, त्याच मशिनवर: ४०. सकाळी अँजिओग्राफी करायची, पैसे भरा, असं सांगितल्यावर मुलानं बागेच्या कर्जाचा हिशेब मनात मांडला, सही केली आणि आईला घेऊन माझ्याकडे आला.

त्याला मी आधी हेच सांगितलं की असं निघून येणं चूक होतं. धाप लागलेली, छाती जड असलेली बाई, ईसीजी बिघडलेला, ट्रोपोनिन वाढलेलं. मोठ्या रुग्णालयानं तिला दाखल करून घेतलं यात काही गैर नव्हतं. वाटेत काही झालं असतं तर कुणी काही करू शकलं नसतं. तिथल्या डॉक्टरांनी एकच गोष्ट करायला हवी होती असं मला वाटतं: ३८ आणि ४० हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायचे होते.

पाच मिनिटं बसू दिल्यावर

मावशींना खुर्चीवर पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून, न बोलता पाच मिनिटं बसू दिलं. ब्लाउजची बाही घट्ट होती, ती वर सारली की दंड आवळतो आणि आकडा चुकतो, म्हणून सिस्टरनं आत नेऊन बाही मोकळी करून घेतली. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. उजव्या हातात १८६/१०४, डाव्यात १८२/१०२. पुन्हा एकदा मोजलं, तेवढंच.

"छातीत नक्की काय होतं, मावशी?"

"पाटा ठिवल्यागत हुतंय बगा. वाईच बसलं की जातंय."

"चालताना होतं की बसल्या जागी?"

"शेडवर वर-खाली केलं की. आनि रातच्याला उशाला दोन उश्या लागत्यात आता."

रक्तदाब नऊ वर्षांपासून. अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी, डोकं दुखलं की घ्यायची, बरं वाटलं की बंद. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, मेडिकलमधून परस्पर, हंगामात रोज दोन. गॅससाठी फसफसणारा सोडा, आठवड्यातून चार-पाच वेळा. जेवणात खर्डा, लोणचं, पापड. आणि मशेरी. ते विचारल्यावर त्यांनी कनवटीची छोटी पत्र्याची डबी काढून टेबलावर ठेवली, झाकणावरचा रंग अंगठ्याच्या जागी पार उडालेला. दिवसातून चार वेळा, पहिली पहाटे उठल्या उठल्या.

यातली प्रत्येक गोष्ट रक्तदाब वर नेते. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची औषधं शरीरात मीठ-पाणी साठवतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि बीपीच्या काही गोळ्यांचा परिणाम बोथट करतात. फसफसणाऱ्या सोड्यात सोडियमच असतं. ज्या पोटासाठी तो घेतला त्याला घटकाभर आराम पडतो आणि रक्तदाबाच्या रोग्याच्या अंगात नकळत मीठ जातं. मशेरीतलं निकोटिन प्रत्येक वेळी नाडी आणि दाब दोन्ही चढवतं. नऊ वर्षांच्या औषधपाण्यात यांतलं एकही मावशींना कुणी विचारलेलं नव्हतं. विचारायला फार वेळ लागत नाही.

पायांवर अंगठा दाबला की हलका खळगा पडत होता. फुप्फुसांच्या तळाशी थोडी खरखर. ईसीजीत डाव्या कप्प्याचे उंचच उंच ठोके: पहिल्या छाती-लीडमधली (ईसीजी काढताना छातीवर लावतात त्या तारांपैकी पहिलीतली) खाली जाणारी आणि पाचव्यातली वर जाणारी लाट मिळून ४३ मिलिमीटर, ३५ च्या वर गेलं की कप्पा जाड झाल्याची शंका घ्यायची. त्याच लीडमध्ये शेवटची लाट उलटी. रात्री हेच बदल अटॅकचे म्हणून वाचले गेले होते. वर्षानुवर्षं दाबाविरुद्ध काम केलेल्या जाड हृदयातही ते तसेच दिसतात. फेब्रुवारीतला ईसीजी पिशवीत होताच. तो शेजारी धरला तर रेघ न् रेघ जुळत होती. जुना ईसीजी जपून ठेवणारा रुग्ण डॉक्टरचं अर्धं काम करतो. मावशींना लिहिता-वाचता फारसं येत नाही, पण कागद एकही टाकला नव्हता.

त्याच दुपारी त्यांना दोन दिवसांसाठी दाखल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं ट्रोपोनिन ३६. टू-डी एकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाची भिंत १४ मिलिमीटर. बायकांमध्ये ती साधारण ९ पर्यंत असते. डावा वरचा कप्पा फुगलेला. भिंतीचा कुठलाही भाग हालचालीत मागे पडलेला नव्हता. पंपिंग ६२ टक्के. बाकीचे आकडे असे: एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी) ७६०, क्रिएटिनिन १.३, त्यावरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ४८, लघवीतलं अल्ब्युमिन वाढलेलं, पोटॅशियम ठीक, साखर ठीक.

रक्तात उतरलेला दाब

ट्रोपोनिन हा स्नायूंतला प्रथिनांचा एक संच. जपानच्या सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात तो शोधला तेव्हा प्रश्न अटॅकचा नव्हता. स्नायू आखडतो कसा, कॅल्शियम त्याला इशारा कसा देतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. त्यातले टी आणि आय हे दोन घटक हृदयात ज्या रूपात असतात ते हातापायांच्या स्नायूंतल्यापेक्षा वेगळे, म्हणून रक्तात ते सापडले की बोट थेट हृदयाकडे जातं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या रक्तचाचण्या आल्या. सुरुवातीच्या चाचण्या जाड्याभरड्या होत्या, मोठी इजा झाली तरच बोलायच्या. आताच्या अतिसंवेदनशील चाचण्यांना निरोगी माणसांपैकीही बहुतेकांच्या रक्तात थोडं ट्रोपोनिन दिसतं. म्हणून "पॉझिटिव्ह की निगेटिव्ह" हा प्रश्न आता अपुरा पडतो. किती आहे, आणि हलतंय का, हे विचारावं लागतं.

वाढलेलं म्हणायचं कधी? शंभर निरोगी माणसांतल्या नव्याण्णवांचा आकडा ज्याच्या खाली असतो, ती मर्यादा. प्रत्येक मशिनची ती वेगळी. मावशींची चाचणी झाली त्या ट्रोपोनिन आयच्या मशिनवर बायकांसाठी १६, पुरुषांसाठी ३४, आणि दोघांची मिळून २६. बायकांचं हृदय लहान, म्हणून मर्यादाही खाली. आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टांवर एकच मिश्र मर्यादा छापलेली असते. एखाद्या बाईचं ट्रोपोनिन २२ आलं तर त्या कागदावर त्यापुढे बाण येत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. मावशींचं ४० होतं, ते कुठल्याही मर्यादेनं वरच होतं. पण २२ वाल्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या फायलींवर "नॉर्मल" लिहिलेलंही पाहिलं आहे.

आता हलण्याचा प्रश्न. २०१८ साली हृदयविकाराच्या झटक्याची जी चौथी जागतिक व्याख्या झाली, तिच्यात हा भेद स्पष्ट मांडला आहे. अटॅक म्हणायला ट्रोपोनिन मर्यादेच्या वर हवंच, शिवाय ते काही तासांत चढताना किंवा उतरताना दिसायला हवं, आणि त्याच्या जोडीला रक्तपुरवठा तुटल्याची खूण हवी: छातीतलं दुखणं, ईसीजीतला नवा बदल, किंवा एकोत भिंतीचा थांबलेला भाग. आकडा वर आहे पण वीस टक्क्यांच्या आत-बाहेरच घुटमळतो आहे, तर ती जुनाट इजा. ३८, ४०, ३६. मावशींचा आकडा हललाच नव्हता. धरण फुटलेलं नव्हतं. पाझर होता, आणि तो कदाचित वर्षानुवर्षं चालू होता.

हा पाझर येतो कुठून? दाबाविरुद्ध रक्त ढकलून ढकलून डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. जाड भिंतीला प्राणवायू जास्त लागतो, पण तिच्या आतल्या थराला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं त्या क्षणी, आणि आतला दाब वाढलेला असल्यामुळे तेवढ्या वेळातही पुरेसं पोचत नाही. बारीक रक्तवाहिन्याही रक्तदाबानं जाड, अरुंद झालेल्या असतात. मोठी वाहिनी पूर्ण मोकळी असली तरी भिंतीतल्या पेशी एक-दोन करत ताणाखाली झिजत राहतात, मरत राहतात. त्यांचं ट्रोपोनिन रक्तात येत राहतं. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर ते साठूनही राहतं, म्हणून क्रिएटिनिन बघितल्याशिवाय ट्रोपोनिन वाचू नये असं मी मानतो.

दुसरा आकडा एनटी-प्रोबीएनपीचा. याचा मूळ शोधही जपानचाच. १९८८ साली डुकराच्या मेंदूत सापडलं म्हणून नावात मेंदू आला, पण शरीरात ते मुख्यतः हृदयातच तयार होतं. हृदयाची भिंत ताणली गेली की पेशी एक लांब प्रथिन सोडतात. त्याचे दोन तुकडे होतात. एक तुकडा मीठ-पाणी बाहेर टाकायला आणि वाहिन्या सैल करायला मदत करतो, दुसरा काही काम करत नाही पण रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. तोच एनटी-प्रोबीएनपी. धाप अचानक वाढलेल्या रुग्णात तो ३०० च्या खाली असेल तर हृदय कमकुवत पडल्याची शक्यता फार कमी होते. बाह्यरुग्ण विभागात, घाई नसताना, १२५ ही रेघ धरतात. वयानं वाढतो, मूत्रपिंड मंद असेल तर वाढतो, लठ्ठ माणसात खोटा कमी दिसतो. मावशींचं वजन ५४ किलो. त्यांच्या ७६० मध्ये मूत्रपिंडाचा थोडा वाटा होता हे खरं, पण रात्रीची धाप, फुगलेला वरचा कप्पा आणि हा आकडा एकत्र ठेवल्यावर शंकेला जागा उरली नाही. हे हृदय आकुंचन नीट पावत होतं, सैल पडायला मात्र तयार नव्हतं.

म्हणून "पंपिंग ६२ टक्के" या ओळीवर मला थांबायचं आहे. आपल्या भागात एकोचा रिपोर्ट आला की सगळे पंपिंगचा आकडा विचारतात आणि साठ ऐकलं की सुटकेचा श्वास सोडतात. पंपिंग म्हणजे भरलेल्या रक्तातलं किती टक्के बाहेर फेकलं गेलं. भिंत ताठ झालेला कप्पा मुळात भरतच कमी. त्या कमीतलं साठ टक्के फेकलं तरी कागदावर साठच दिसतात. रक्तदाबाच्या रुग्णांत, विशेषतः बायकांत, हृदय कमकुवत होण्याचा हाच रस्ता जास्त दिसतो. मुलगा "काही नाही तर" म्हणत उठायला लागला होता तेव्हा मी त्याला बसवलं ते यासाठी.

अमेरिकेतल्या स्प्रिंट या अभ्यासात ९,३६१ रक्तदाबाचे रुग्ण होते. वरचा दाब १४० च्या खाली ठेवण्यापेक्षा १२० च्या खाली आणायचं ध्येय ठेवलेल्या गटात हृदयाच्या गंभीर घटना सुमारे पाव हिश्शानं कमी झाल्या, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे त्याच रुग्णांच्या साठवलेल्या रक्तावरून असं दिसलं की ज्यांचे ट्रोपोनिन आणि एनटी-प्रोबीएनपी हे दोन्ही आकडे वाढलेले होते, त्यांच्यात हृदय कमकुवत होण्याचा आणि मृत्यूचा धोका सगळ्यांत जास्त होता. अभ्यासात आले तेव्हा त्यांच्यातल्या कुणालाही नुकताच अटॅक आलेला नव्हता. मावशी त्या दोन्ही-वाढलेल्या टोपलीत बसतात. त्यांना "अटॅक नाही, घरी जा" एवढंच सांगून पाठवणं ही मला रात्रीच्या घाबरगुंडीपेक्षा मोठी चूक वाटते, कारण ती चूक कुणाच्या लक्षातच येत नाही.

काय केलं

दाब एकदम पाडला नाही. पूर्वी जिभेखाली कॅप्सूल फोडून तासाभरात दाब उतरवायची पद्धत होती. वर्षानुवर्षं उंच दाबाला सरावलेल्या मेंदूला आणि हृदयाला तो झटका सोसत नाही. पहिले दोन दिवस पाणी कमी करणारं औषध, धाप लगेच निवली. अ‍ॅम्लोडिपिन रोज, न चुकता. टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून ८० पर्यंत. लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी क्लोरथॅलिडोनची गोळी अगदी कमी मात्रेत. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघितल्याशिवाय टेल्मिसार्टन वाढवायचं नाही, हा माझा नेम आहे. डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅमही सुरू केलं. हे मूळचं मधुमेहाचं औषध, पण पंपिंग चांगलं असूनही धाप लागणाऱ्या हृदयात ते उपयोगी पडतं हे आता प्रस्थापित आहे, आणि पेटंट संपल्यापासून परवडणाऱ्या दरात मिळतं. मावशींना साखर नाही तर ही साखरेची गोळी का, असं मेडिकलवाल्यानं विचारून त्यांना घाबरवलं, म्हणून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात "हृदयासाठी" लिहून दिलं. अन्नपाण्यावाचूनच्या उपवासाच्या दिवशी ती गोळी घ्यायची नाही, हेही.

डायक्लोफिनॅक पूर्ण बंद. गुडघ्यांना मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, लागलीच तर पॅरासिटामॉल. सोडा बंद. याला त्यांनी सर्वांत जास्त विरोध केला. "ढेकर आला न्हाय तर जीव गुदमरतूय," म्हणाल्या. तो गुदमरणारा जीव गॅसचा नव्हता हे त्यांना पटलं ते दोन आठवड्यांनी, बीपी उतरल्यावर ढेकर न देताच छाती मोकळी वाटायला लागली तेव्हा.

अँजिओग्राफीचं काय? मशेरी, रक्तदाब, श्रमानं छाती जड होणं, एवढं असताना रक्तवाहिन्या न बघता सोडणं मला पटत नव्हतं. ट्रेडमिल उपयोगाची नव्हती. ईसीजी मुळातच बिघडलेला असेल तर ती चाचणी वाचता येत नाही, आणि त्यांचे गुडघे पट्ट्यावर चालणारे नव्हते. डायक्लोफिनॅक थांबल्यावर एप्रिलच्या मध्याला क्रिएटिनिन १.१ वर आलं, गाळण्याची क्षमता ४८ वरून ५८ वर. तेव्हा सीटी अँजिओग्राफी केली. एका वाहिनीत तीसेक टक्के चरबीचा थर, बाकी मोकळ्या. स्टेंटची गरज नाही. कोलेस्टेरॉलची गोळी जोडली. रात्री घाईत केली असती तरी हेच दिसलं असतं. फक्त वाढलेल्या क्रिएटिनिनवर अँजिओग्राफीत वाहिन्या दिसाव्यात म्हणून देतात तो डाय गेला असता आणि कर्ज झालं असतं.

प्रत्येक बीपीच्या रुग्णाला या चाचण्या कराव्यात का, असं मला तरुण डॉक्टर विचारतात. मी करत नाही. नीट मोजलेला दाब, ईसीजी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढ्यावर बहुतेकांचं ठरतं, आणि ते सगळं मिळून ट्रोपोनिनपेक्षा स्वस्त पडतं. धाप असेल, ईसीजीत कप्पा जाड दिसत असेल, किंवा औषध किती नेटानं द्यायचं याबद्दल मन द्विधा असेल, तेव्हा हे दोन आकडे माझा निर्णय बदलतात. निर्णय बदलणार नसेल तर रुग्णाचे पैसे खर्च करायचा मला अधिकार नाही. शेजारचा सातारा जिल्हा भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात होता. ठरलेली मोजकी औषधं, प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत गोळी, महिन्याला मोजणी, न आलेल्या रुग्णाला फोन, असं ते काम आहे. मावशींना नऊ वर्षं हेच मिळालं असतं तर भिंत १४ मिलिमीटरला गेली असती का, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आता त्यांच्या गोळ्यांपैकी दोन गावच्या आरोग्य केंद्रातून मिळतात. मुलगा महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणतो.

सहा महिन्यांनी

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मावशी आल्या. बागेत छाटणी सुरू होती, हाताच्या बोटांना छाटलेल्या काड्यांना लावायच्या पेस्टचा निळसर डाग होता. पाच मिनिटं बसल्यावर दाब १२६/७४. घरी मुलाच्या मशिनवर लिहून ठेवलेले आकडेही १२० ते १३२ च्या दरम्यान. उशाला एकच उशी. पायावर खळगा नाही.

रक्त त्याच लॅबमध्ये, त्याच मशिनवर पाठवलं. वेगळ्या मशिनवरचा आकडा जुन्याशी ताडता येत नाही हे आता मुलालाही पाठ झालं आहे. एनटी-प्रोबीएनपी ७६० वरून २९०. ट्रोपोनिन २१.

मुलानं रिपोर्टवरची छापील मर्यादा बघितली, २६, आणि हसला. मी पेननं तिच्याशेजारी १६ लिहिलं. पाझर निम्म्यावर आला होता, थांबला नव्हता. भिंतीची जाडी औषधानं हळूहळू कमी होते, वर्ष-दोन वर्षं लागतात, आणि सगळी कमी होईलच असं नाही. हे मी दोघांना जसंच्या तसं सांगितलं.

मावशींनी ऐकून घेतलं. मग कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली. चार वेळची मशेरी एकावर आली होती, पहाटेची तेवढी सुटत नव्हती. "ह्याचं बी त्यात हाय का वो, त्या एकवीसात?"

आहे, म्हटलं. किती ते सांगता येणार नाही, पण आहे.

त्यांनी डबी उचलली, थोडा वेळ हातात धरली, आणि परत कनवटीला लावली. पुढची तारीख संक्रांतीनंतरची दिली आहे, बेदाण्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधीची. रिपोर्ट त्यांनी स्वतःच घडी करून निळ्या पिशवीत ठेवला, फेब्रुवारीतल्या ईसीजीच्या वर.